न उठलेली गाठ

बन्नीच्या म्हशीला दावे लागत नाही. सूर्य मावळला की ती आपल्या पायाने चरायला निघते, रात्रभर त्या खाऱ्या सपाटीवर गवत हुडकते आणि उजाडता उजाडता आपल्या पायाने घरी येते. मोरीवांढमध्ये घरे अठरा आणि म्हशी चारशेच्या वर. सगळ्या एकाच धुळीच्या लोटातून येतात, पण वस्तीच्या तोंडाशी पोचल्या की जी ती आपल्या धन्याच्या अंगणाकडे वळते. भुजच्या लोकांना हे सांगितले की ते हसतात. त्यांना हसू द्यावे. ज्यांना बाजारात लावलेली स्वतःची स्कूटर सापडत नाही, त्यांना म्हशीची अक्कल काय कळणार!

डॉक्टर सुमार हालेपोत्रा मात्र कधी हसला नव्हता. तो शेजारच्याच वांढीत, म्हणजे वस्तीत, जन्मला, म्हशींच्या पोटाखालून रांगत मोठा झाला आणि आसपासच्या दहा वस्त्यांतून गुरांचा डॉक्टर झालेला पहिला माणूस ठरला. भुजमध्ये सरकारी नोकरीत त्याला सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत त्याने वहीत लिहिलेले एकही माप कोणाला खोडावे लागले नव्हते. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी तो इसा हाजीच्या अंगणात उभा होता. इसा हाजी त्याचा मामा, आणि हाजीची लेक हवा हिच्याशी निकाह झाल्यापासून सासराही. हाजीच्या बासष्ट म्हशी होत्या. सरकारी पैदास केंद्राला त्यांच्या वंशाचे रेडे हवे होते, आणि त्याआधी सगळ्या कळपाची क्षयाची चाचणी व्हायला हवी होती. एवढ्यासाठी इसा हाजीने नवी टोपी घातली होती आणि चाळीस माणसे जमवली होती.

"सरकार माझ्या दारात आलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "मी सरकारच्या दारात गेलेलो नाही. नीट लक्षात ठेवा."

"मामा, म्हैस धरा आधी, भाषण मागून," सुमार म्हणाला.

"बघा! सरकारनं ह्याला शिकवलं, पण म्हशीच्या मागं कुठं उभं राहायचं ते मी शिकवलं. पहिली लाथ माझ्याच म्हशीची खाल्लीय ह्यानं."

चाचणी तशी साधी. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी कॅलिपरमध्ये धरून जाडी मोजायची, कातडीच्या आत मेलेल्या जंतूंचा थेंबभर अर्क सोडायचा आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजायचे. शरीरात तो जंतू आधीच शिरलेला असेल तर शरीर त्याला ओळखते, त्याच्यावर धावून जाते, आणि तिथे गाठ उठते. जंतू शिरलाच नसेल तर ओळखही नसते आणि गाठही येत नाही.

एकेक म्हैस धरायला चार चार गडी लागत होते. सुई शिरली की त्या फुरफुरत, मान झटकत, एकीने तर सुमारचा चष्मा उडवला. सगळ्यात शेवटी राणल आली. तिला कोणी धरले नाही.

राणल बावीस वर्षांची. चौदा वेतं झालेली, शिंगांना दोन दोन वळसे, चाल राजघराण्यातल्या बाईची. कळपातली निम्मी पिल्ले तिच्या पोटची किंवा तिच्या लेकींच्या पोटची. तिचे दूध कधी डेअरीच्या टँकरमध्ये गेले नाही, कधी मापाने मोजले गेले नाही. ते पाहुण्यांसाठी असे, आणि घरात मूल जन्मले की त्याच्या पहिल्या घुटीसाठी. कच्चे, कासेतून आलेले, कोमट. हाजीच्या घरात सात पिढ्या ही रीत होती, म्हैस तेवढी बदलत आली होती.

"तिला टोचायच्या आधी सलाम कर," हाजी म्हणाला.

सुमारने हसत सलाम केला आणि सुई टोचली. म्हशीची कातडी साधी माशी बसली तरी थरथरते. राणलची कातडी हलली नाही. सुमारला ते जाणवले, आणि आणखी एक गोष्ट जाणवली. तिच्या अंगावर माशी बसलेलीच नव्हती. शेजारच्या म्हशी माश्यांनी काळ्याच्या करड्या झाल्या होत्या.

मग सगळे ओताकीत बसले. ओताक म्हणजे पाहुण्यांची बैठक, अंगणाच्या कडेची गोल मातीची झोपडी, आत खाटा. इथला रिवाज ठाऊक नसलेला माणूस या भागात विरळाच. आधी दूध, मग नाव. दारात आलेल्याला कोण, कुठला, असे विचारायचे नाही. वाटी हातात द्यायची, आणि ती रिकामी झाल्यावरच, "कुठून येणं केलंत, भावा?" असे म्हणायचे. भरल्या वाटीच्या माणसाला नाव विचारणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास मोजणे. भुकेल्याला आधी नाव विचारणाऱ्यांची गावे जगात पुष्कळ आहेत, मोरीवांढ त्यातले नव्हे.

तीन दिवसांनी सुमार परत आला. तेरा म्हशींच्या मानेवर गाठी उठल्या होत्या. काही लिंबाएवढ्या, दोन तर मुठीएवढ्या. एकेक माप तो वहीत लिहीत गेला तसा हाजीचा चेहरा उतरत गेला.

"राणल बघ," हाजी शेवटी म्हणाला.

सुमारने कातडीची घडी धरली. तीन दिवसांपूर्वी नऊ मिलिमीटर होती, आजही नऊच. त्याने बोट फिरवले. ना ऊब, ना सूज. सुईचे भोक मात्र तसेच होते. त्यावर खपली धरली नव्हती. कागदाला टाचणी लावून काढावी तसे ते कोरडे, उघडे होते.

सुमारला कॉलेजातली तोंडी परीक्षा आठवली. परीक्षकांनी विचारले होते, गाठ न येण्याची कारणे किती? बाकीच्या मुलांनी एकच सांगितले होते, रोग नाही म्हणून. सुमारने दुसरे सांगितले होते. रोग फारच झाला म्हणून. क्षयाचा जंतू शरीरात पुरता मुरला की शरीराच्या पहारेकरी पेशीच गप्प होतात. मग शत्रू समोर आला तरी त्या त्याला शत्रू म्हणत नाहीत. जनावर वरून धडधाकट दिसते, चाचणी स्वच्छ येते, आणि कळपातले सगळ्यात आजारी जनावर तेच असते. परीक्षक खूश झाले होते.

त्याने मान वर केली. इसा हाजी त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत सात पिढ्या होत्या, आणि नऊ महिन्यांच्या वाटेवर निम्म्याहून पुढे गेलेली हवाही होती. तेरा म्हशी गमावलेल्या माणसाला चाळीस जणांसमोर चौदावी कशी सांगायची? आणि खरे सांगायचे तर राणल सुमारचाही अभिमान होती. शाळकरी वयापासून तो तिचे दूध पीत आला होता. त्याने वहीत लिहिले, 'निर्दोष', आणि खाली सही केली.

हाजीने तो कागद चौकटीत बसवून ओताकीत टांगला.

तेरा म्हशी वेगळ्या बांधा, असे सुमारने बजावून सांगितले होते. हाजीने बांधल्या, पण कुठे? राणलच्या दोन्ही बाजूंना. "आजारी लेकरं आईजवळच ठेवतात," तो म्हणाला. या जगात असली चूक बन्नीचा माणूसच करू जाणे.

साठ दिवसांनी, मार्चात, दुसरी चाचणी झाली. तेव्हा हवा बाळंतपणासाठी माहेरी येऊन राहिली होती. सुमारची जीप वांढीत शिरली आणि आत येऊन थांबली तरी काहीतरी राहून गेल्यासारखे त्याला वाटत होते. उतरल्यावर त्याच्या लक्षात आले. कुत्री भुंकली नव्हती. सातही कुत्री नेहमीच्या जागी बसली होती, डोळे उघडे होते, एक तर त्याच्याकडेच बघत होते.

त्याने तेरा मानांवर सुया टोचल्या आणि तीन दिवसांनी मोजायला आला. एकीलाही गाठ नव्हती. लागोपाठ चाचणी केली तर गाठ लहान येते, हे पुस्तकात आहे. पण इथे ती लहान आली नव्हती. माप अर्ध्या मिलिमीटरनेसुद्धा सरकले नव्हते. तेरा भादरलेले चट्टे, आणि प्रत्येकात एक कोरडे, उघडे भोक.

"बऱ्या झाल्या!" इसा हाजी गरजला. "राणलनं बऱ्या केल्या! लिही तुझ्या वहीत, डागदर!"

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. चार दिवसांत लांबलांबच्या वस्त्यांतली माणसे आजारी म्हशी घेऊन आली आणि राणलच्या आसपास बांधून गेली. हाजीने कोणाकडून काही घेतले नाही. उलट सगळ्यांना जेवायला घातले, बाजरीचे रोटले, वर तुपाची धार. असा मान मिळावा म्हणून माणसे जन्मभर झिजतात, आणि त्याला तो बसल्या जागी मिळत होता.

सुमारला झोप लागेना. तो पुन्हा आला, या वेळी वही न घेता, पहाटेच. म्हशी परतत होत्या. धुळीचा लोट वांढीच्या तोंडाशी आला आणि फुटला, पण नीट फुटला नाही. म्हशी कुठेही जात होत्या, समोर येईल त्या अंगणात. हाजीच्या अंगणात रेहमत मामी खाली बसून धार काढत होती. सुमारने त्या म्हशीचा कान पाहिला. इथे प्रत्येक घराची कानाला चीर देण्याची वेगळी खूण असते. ही खूण मामाची नव्हती.

"मामी, ही आपली नव्हे."

"आपलीच की," मामी मान वर न करता म्हणाली.

"कान बघा."

तिने कान पाहिला. बराच वेळ पाहिला. "आपलीच," ती म्हणाली आणि पुन्हा धार काढू लागली.

पलीकडे एक रेडकू भलत्याच म्हशीला पीत होते. म्हैस परक्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही, लाथेने उडवते. ही निवांत रवंथ करत उभी होती.

ओताकीत मामीने त्याला राणलच्या दुधाची वाटी आणून दिली. सुमारने ती ओठांना लावली, आणि मामीची पाठ वळताच शालीखालच्या बाटलीत ओतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने या घराला फसवले होते. त्याचे कान गरम झाले. समोरच्या खाटेवर बसलेल्या माणसाने ते पाहिले असणार, असे वाटून तो आणखीनच ओशाळला. त्याने त्या माणसाला सलाम केला. माणसाने किंचित सरकून त्याला बसायला जागा दिली. त्याच्या हातातली वाटी काठोकाठ भरलेली होती आणि वर साय धरली होती.

सुमारची जीप भुजच्या रस्त्याला अर्ध्यावर आली तेव्हा त्याच्या मनात आले, तो कोण होता? त्याने चेहरा आठवून पाहिला. पांढरे कपडे आठवले, वाटी आठवली, सायीवरची सुरकुती आठवली. चेहरा आठवला नाही. पण तो घरचाच होता, एवढे त्याला पक्के वाटत होते. आणि हे पक्के वाटणेच त्याला खटकले.

आठ दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मित्राचा फोन आला.

"सुमार, हे दूध कुठल्या म्हशीचं? मेलेल्या?"

"का?"

"काचेवर जंतूंशिवाय काही दिसतच नाही. इतके मी आजवर पाहिलेले नाहीत. ते सोड, जंतू समजू शकतो. पण दुधात पांढऱ्या पेशी असतात ना, निरोगी जनावराच्यासुद्धा? रोगट असेल तर झुंडीनं असतात. ह्यात एक नाही. एकसुद्धा नाही. चार वेळा बघितलं. हे असं होत नाही रे."

सुमारने फोन ठेवला तोच तो पुन्हा वाजला. इसा हाजी पाण्याच्या टाकीवर चढून ओरडत होता, कारण वांढीत फक्त तिथेच फोन लागत असे.

"मुलगा! सुमारा, मुलगा झाला! सूर्य उगवायच्या आत! तीन आठवडे लवकर आलाय, दम धरवत नाही त्याला, कोणाचं रक्त आहे! सुईण म्हणते दोघंही ठणठणीत! मशिदीत जातो, दुपारची नमाज पढून दुवा मागतो, आणि मग घुटी—"

"मामा, घुटी देऊ नका! मामा! ऐका—"

फोन तुटला होता.

सुमारने जीप अशी कधी चालवली नव्हती. वाटेत त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, मशीद ते घर किती पावले. मुलाचे तोंड त्याने अजून पाहिले नव्हते, आणि त्या तोंडापासून एक बोट लांब ठेवायचे एवढेच त्याला जमवायचे होते.

इसा हाजी अंगणात उभा होता. हातात पितळेची छोटी वाटी, वाटीत फेस. जमलेली माणसे हसत होती.

"मामा, थांबा! ते दूध देऊ नका!"

"सलाम नाही, दुवा नाही, पोराचं तोंड बघितलं नाहीस, आणि आल्या आल्या दुधावर?"

"राणल आजारी आहे."

हसणे थांबले. हाजीने ओताकीकडे बोट केले. "तो कागद कोणी लिहिला? सही कोणाची आहे?"

"माझी. चूक लिहिलं मी. मला तेव्हाच शंका आली होती. चारचौघांत तुमची मान खाली जाईल म्हणून बोललो नाही. आणि माझीही. ती सगळ्यात जास्त आजारी आहे, मामा. म्हणूनच तिला गाठ येत नाही. आणि त्या तेरा बऱ्या झालेल्या नाहीत. त्या तिच्यासारख्या झाल्यात."

"मला हेच चाटवलं होतं माझ्या बापानं," हाजी हळू म्हणाला. "मी हवाला चाटवलं. तुलाही चाटवलंय, तुझी आई माझ्या दारातच बाळंत झाली."

"ठाऊक आहे."

म्हातारा वाटीत बघत राहिला. फेस विरत होता.

"माझ्या म्हशीवर बोट ठेवलंस," तो म्हणाला. "दुसरा कोणी असता तर चालत परत गेला नसता. पण माझा भाचा डागदर आहे म्हणून साऱ्या बन्नीत मीच मिरवत आलो. मिरवायचं तुझ्या नावानं, आणि ऐकायचं मात्र नाही, हे इसा हाजीला शोभत नाही."

त्याने वाटी पालथी केली. दूध मातीवर पडले. सात पिढ्यांत या घरात असे दूध कोणी सांडले नव्हते. या माणसाचा भाचा असल्याचा अभिमान त्याला आयुष्यभर होताच, पण तो किती थोडा होता ते त्याला आत्ता कळले. आणि आपण वेळेत पोचलो, मुलाला वाचवले, या विचाराने त्याची छातीही थोडी फुगली.

रेहमत मामी दारात आली. "सांडलंत कशाला? राहू द्यायचं. पोराचं तर केव्हाच झालं."

"काय झालं?" सुमारने विचारले.

"घुटी. उजाडताच दिली. कसं चाटत होतं, बघायला हवं होतं तुम्ही!"

"कोणी दिली?"

"ह्यांनीच की..." तिने नवऱ्याकडे पाहिले.

"मी तर वाटी आत्ता भरली, मशिदीतून आल्यावर," हाजी म्हणाला.

"मग ते... ओताकीत बसतात ते."

"कोण ते, मामी?"

मामी आठवू लागली. तिचा चेहरा अडचणीत आल्यासारखा झाला. "घरचेच की कोणीतरी," ती म्हणाली.

सुमारने जमलेल्या माणसांकडे पाहिले. सगळ्यांनी त्या माणसाला पाहिले होते. थंडीपासून पाहिले होते. कोणी म्हणाले, हाजीचा चुलता. कोणी म्हणाले, हवाच्या सासरचा, म्हणजे सुमारचाच कोणी.

"मामा, तुम्ही त्याला कधी विचारलं नाहीत? नाव, गाव?"

"कसं विचारणार?" इसा हाजी म्हणाला. "त्याची वाटी अजून भरलेली आहे."

ओताक रिकामी होती. खाटेवर वाटी होती, काठोकाठ भरलेली. वर जाड साय. सायीच्या मधोमध बोटाएवढे एक भोक.

राणलला वेगळी काढायची, एवढे तरी हातात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे हाजी स्वतः दोरी घेऊन निघाला. दुसऱ्या कोणाचा हात तिला लागू देणार नव्हता तो. या माणसाला मातीतल्या खुरावरून म्हैस ओळखता येई, आणि तिची आईही सांगता येई. परतलेल्या कळपात तो शिरला. एकीच्या शिंगांवर हात ठेवला, सोडला. दुसरीकडे गेला. सुमार अंगणात उभा राहून बघत होता.

बऱ्याच वेळाने हाजी दोरी घेऊन तसाच परत आला.

"सुमारा," तो म्हणाला, "यातली राणल कुठली रे?"

सुमारने पाहिले. त्यालाही सांगता आले नाही.

तिसऱ्या दिवशी तो बायको-मुलाला घेऊन भुजला आला. मुलाला मोठ्या डॉक्टरांना दाखवले. क्षयाची लस टोचून घेतली. रक्त, छातीचा फोटो, जे जे करता येते ते सगळे केले. सगळे स्वच्छ आले. डॉक्टर म्हणाले, "इतकं निरोगी बाळ महिन्यातून एखादं बघायला मिळतं." सुमारला तिथेच घाम फुटला. पण बाळाने खरोखरच बाळसे धरले. ताप नाही, सर्दी नाही, रात्रीचे रडणे नाही. हवा तर फुलून गेली होती.

दीड महिन्याने ते लसीकरणाला गेले. नर्सबाईंनी कार्ड पाहिले आणि बाळाचा डावा दंड उघडला.

"क्षयाची लस दिलीय ना जन्मानंतर?"

"दिलीय. कार्डावर आहे," सुमार म्हणाला. "मी समोर होतो."

"मग इथं गाठ यायला हवी होती एव्हाना. सगळ्यांना येते." बाईंनी दंड उजेडाकडे वळवला.

दंड गुळगुळीत होता. सूज नव्हती, डाग नव्हता. सुमार वाकला. मधोमध एक बारीक भोक होते. कोरडे. उघडे.

"होतं कधी कधी असं," बाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला उचलले. नवीन चेहरा पाहून मुले भोकाड पसरतात. हा त्यांच्या खांद्यावर डोके टेकून स्वस्थ पडून राहिला.

"कोणालाही परकं म्हणत नाही माझा लेक," हवा अभिमानाने म्हणाली.

बाईंनी नवी सुई भरली, टोचली. बाळाने पापणीसुद्धा हलवली नाही. बाई कार्ड भरू लागल्या. आईचे नाव झाले. मग त्यांनी सुमारकडे पाहिले.

"आत फक्त आई-वडील थांबतात. हे कोण?"

सुमार हवाच्या बोलण्याची वाट पाहत राहिला.

हवाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. नजर प्रेमळ होती.

"असू द्या बाई," ती म्हणाली. "घरचेच आहेत कोणीतरी."

आणि बाकावर थोडी सरकून तिने त्याला बसायला जागा करून दिली.